दादाने न काढलेली पन्नी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात पापड वाळत घालत होते. फोन यांनी उचलला. थोड्या वेळाने हे दारात येऊन उभे राहिले, चष्मा काढून हातात घेतलेला. "बोरसीहून फोन होता. तुझा दादा गेला म्हणतात, सकाळी." हे आत गेले आणि किल्ली घेऊन परत आले. "चल, गाडी काढतो." मी नाही म्हटलं. तेवीस वर्षांच्या संसारात यांना मी इतक्या सरळ कधी नाही म्हटलं नव्हतं. "मी टेम्पोने जाईन," म्हटलं. "अशा वेळी टेम्पोने? दारात गाडी उभी असताना? लोक काय म्हणतील?" मी पायांत चपला सरकवल्या आणि निघाले. लोक काय म्हणतील याचा विचार मी पूर्वी एकदा केला होता... त्याची किंमत दादाने मोजली.

भिलाईतल्या आमच्या हुडको वसाहतीच्या चौकातून दुर्गला जाणारा टेम्पो मिळाला, पुढे बोरसीपर्यंत चालत गेले. दादाला पुढच्या खोलीत निजवलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडून रडून थकलेल्या. मी दादाचा हात हातात घेतला. नखांच्या कडांना हिरवा ऑइलपेंट होता. शेवटची काही वर्षं तो लोकांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या ब्रशने रंगवायचा, त्यातला. ज्याने रंगवलेल्या गाड्यांच्या आरशासारख्या पत्र्यात कारखान्याच्या सेक्टरमधल्या बाया वाकून कुंकू नीट करायच्या, तो माझा भाऊ फाटकं रंगवत गेला. का, ते भिलाईतल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. आणि प्रत्येकाला ठाऊक आहे ते खोटं आहे.

आम्ही मूळचे पवनीकडचे. वडील लवकर गेले. थोडी धानाची शेती होती, ती काकांकडे राहिली. मोरेश्वरदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शाळा सोडून तो नागपूरला एका गॅरेजात रंगकाम शिकला आणि पोलाद कारखान्याची वस्ती वाढत होती तेव्हा भिलाईला आला. कारखान्यात चिकटला असता तर क्वार्टर मिळालं असतं, पेन्शन मिळालं असतं, सगळे तसंच सांगत. पण त्याला स्वतःचं काम हवं होतं. कुरुदच्या रस्त्याला टिनाचं शेड टाकून त्याने गाड्यांच्या रंगाचं काम सुरू केलं. आई गेल्यावर मला इथे आणलं, मॅट्रिक करवलं, नागपूरच्या चांगल्या घरात माझं लग्न जुळवलं. तेव्हा हे कारखान्यात साधे चार्जमन होते, आणि 'मुलीचा भाऊ गॅरेजवाला' याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते पुढे, हे ऑफिसर झाल्यावर.

दादाचं काम बघायला मला फार आवडायचं. शेडमध्ये शिरलं की थिनरचा वास नाकाला झोंबायचा, डोळ्यांत पाणी यायचं. पुट्टी घासून झाली की तो डोळे मिटून पत्र्यावरून पंजा फिरवायचा. मी विचारलं, "डोळे कावून मिटते रे?" तर म्हणाला, "डोये फसते सुमन. हात नाही फसत." डोळ्यांना न दिसलेला खळगा त्याच्या हाताला सापडायचा. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा पाणी घालून घासणं. गिऱ्हाईक कितीही ओरडो, रंग वाळल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे. "तुमाले घाई हाये न भाऊ, रंगाले नाही," असं तो बिनदिक्कत सांगायचा. आणि तरी सेक्टरमधले साहेब लोक त्याच्याकडेच येत, कारण त्याने रंगवलेल्या गाडीचं जुनं दार कुठलं नि नवं कुठलं ते ओळखू येत नसे.

आमच्याकडे गाडी आली ती यांच्या बढतीनंतर, हुडकोत घर झालं त्याच्या पुढच्या वर्षी. नव्याने निघालेली ती छोटी गाडी, गडद निळी. ती निघणार म्हटल्यावरच यांनी नंबर लावून ठेवला होता. गाडी दारात आली त्या दिवशी यांनी जेवणदेखील ओट्यावर बसून केलं. पण भिलाईत निळी गाडी म्हणजे शिक्षाच. रात्रीतून कारखान्याची तांबूस धूळ बसायची, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसुद्धा आम्ही झटकून घरात घ्यायचो. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर बारीक ओरखडे उठत. हे रोज उन्हात गाडीभोवती फिरून ते ओरखडे मोजायचे.

यांचे वरिष्ठ साठवणे साहेब त्या सुमारास प्रशिक्षणासाठी परदेशी गेले होते. तिकडून त्यांनी यांच्यासाठी काचेसारख्या आरपार पन्नीचा गुंडाळा आणला. एका बाजूला गोंद, गाडीच्या रंगावर चिकटवायची, धूळ-ओरखडे सगळं तिच्यावर, आतला रंग नवा तो नवा. भिलाईत असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी यांच्यासाठी आठवणीने काही आणलं, याचाच यांना गाडीपेक्षा जास्त आनंद. चिकटवणार कोण? दादा.

दादाने आठ दिवस गाडीला हातच लावला नाही. आधी पन्नीचे छोटे तुकडे जुन्या पत्र्यावर लावून बघितले. कोरडी लावली तर बुडबुडे राहत. साबणाच्या पाण्यावर तरंगती ठेवून मग पाणी कडेला काढत नेलं तर बसे. पाणी काढायला त्याने हवाई चपलेचा तळ कापून पट्टी केली. मग एका रविवारी सकाळी शेडमधली जमीन पाणी मारून ओली केली, धूळ उडू नये म्हणून, येण्याजाण्याला मज्जाव केला आणि बॉनेटवर पन्नी पसरली. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून पाहत होते. मधून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने, लेकराचं अंग पुसावं तसा तो पाणी काढत होता. दुपार टळली तेव्हा त्याने पाठ सरळ केली. बॉनेटवर पन्नी आहे हे सांगूनही खरं वाटेना.

साहेबांनी येऊन बघितलं, बोट फिरवलं, म्हणाले, "मोरेश्वरराव, परदेशातही इतकी साफ लावत नाहीत." त्या एका वाक्याने दादाकडे सेक्टरमधल्या निम्म्या गाड्या आल्या. दादा लाजला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे पाय सुमन, जवाईबापू काही ऐकाचे नाहीत, तुले सांगून राहिलो. पहिले पाणी टाकून धूळ वाहू द्याची, मंग ओल्या मलमलीनं पुसाची. सावलीत. रॉकेल लावाचं नाही, पावडर लावाची नाही. उन्हात गाडी ठेवाची नाही. कोपरा उचलला त ओढाचा नाही, मले बोलवाचं. आन दोन-तीन वर्षांनी ही काढाच लागन. कुठलीच पन्नी जनमभर नाही राहत."

मी दोन वर्षं तसंच केलं. सकाळी स्वयंपाकाआधी दोन बादल्या पाणी आणि दादाच्या जुन्या मलमलीच्या सदऱ्याचा तुकडा. तेवढा वेळ मला दादाच्या शेडमध्ये असल्यासारखं वाटायचं. पण मग माझं पोटाचं ऑपरेशन झालं, मी दोन महिने अंथरुणात, आणि गाडी यांच्या हाती गेली. यांना कुणीतरी सांगितलं की रॉकेलच्या बोळ्याने पुसलं की चमक येते. येते, चार दिवस. गाडी दिवसभर कारखान्याच्या फाटकाजवळ उन्हात. मी उठून बाहेर आले तेव्हा पन्नी पिवळी पडली होती आणि खालचा निळा रंग हिरवट दिसत होता. कडांना काळी रेघ धरली होती.

दादा येऊन बघून गेला. चेहरा पडला त्याचा, पण कुणी काय केलं ते त्याने विचारलं नाही, वासावरून त्याला कळलं होतं. म्हणाला, "आता काढाच लागते. पण थंडीत पन्नी कडक होते, जवाईबापू. ओढली त रंगाले संगं घेऊन येते. गरम पाण्यानं शेकून, उलटी दुमडून, इंच इंच काढाची. दोन दिवस लागते. शेडमध्ये आणा." हे म्हणाले, शेडमध्ये नको, घरीच करा, पण या आठवड्यात करा. साठवणे साहेबांची बदली झाली होती, त्यांना निरोप द्यायला मंडळी जमणार आणि साहेबांना दुर्ग स्टेशनवर आमच्याच गाडीतून सोडायचं, असं यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दादाने बोळा, पातेली, मलमल सगळं घेऊन सुटीच्या दिवशी दहा वाजता यायचं कबूल केलं. "दहाच्या पहिले नाही. ऊन चढू द्या जराशी."

त्या दिवशी हे सातलाच उठले. डिसेंबरची थंडी होती. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून गाडी दिसते. हे दाढीचं पातं घेऊन बॉनेटची कड खरवडत होते. मी खिडकीतूनच म्हटलं, "अहो, दादा येऊन राहिला ना दहाला." "चूप बस ना यार, एवढ्याशा पन्नीला काय पंडित लागतो?" कड सुटली. यांनी ती चिमटीत धरली आणि सरळ वर ओढली, एका झटक्यात, पोस्टर फाडावं तशी. फर्रकन आवाज झाला. मग काहीच आवाज नाही. मी बाहेर गेले तर बॉनेटच्या मधोमध ताटाएवढा भाग रंगासकट उचलून आला होता, खाली राखाडी अस्तर. यांच्या हातात पन्नी लोंबत होती, तिच्या आतल्या बाजूला आमच्या गाडीचा निळा रंग. हे घाबरलेले होते. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी मुकाट्याने अंगणातले फाटलेले तुकडे गोळा केले आणि कचऱ्यात नेऊन टाकले.

नेमके दहा वाजायच्या सुमारास साठवणे साहेब पत्नीसह आले. जाण्याआधी सगळ्यांकडे चहाला जाऊन येत होते. त्यांची नजर आधी गाडीवरच गेली. "अरे! हे काय झालं?" हे म्हणाले, "काय सांगू साहेब. मेहुण्याच्या भरवशावर राहिलो. काल संध्याकाळी येऊन काढली त्यांनी. हे बघा काय करून ठेवलं."

मी दाराच्या पडद्याजवळ उभी होते. वाटलं, साहेबांसमोर घाबरून बोलले, आता पुढचं काही बोलणार नाहीत. पण तोंडातून एकदा निघालं की माणूस त्याला शेपूट जोडत जातो. दादाने घाई केली, दादाला दुसरीकडे जायचं होतं, दादाचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. आणि तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. दादा आला होता. हँडलला पातेली अडकवलेली, कॅरिअरवर मलमलीचं गाठोडं. जो माणूस काल पन्नी काढून गेला, तो आज पन्नी काढायचं सामान घेऊन कशाला येईल? हे तिथे कुणालाच सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, विचारणं गैरसोयीचं वाटलं असेल.

दादाने सायकल लावली. बॉनेटपाशी आला. राखाडी भागावरून पंजा फिरवला, कडेला पात्याच्या ओरखड्यापाशी थांबला. साहेब म्हणाले, "मोरेश्वरराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. काल इतकी घाई कशाची होती?" दादाने यांच्याकडे पाहिलं. हे मनगटावरचं घड्याळ सारखं करत होते. "काल?" दादा म्हणाला, "काल त मी..." आणि थांबला. साहेब सरळ मनाचे होते, त्यांना काहीतरी खटकलं असावं. ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर घरीच होत्या ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब, त्यांच्या पत्नी, हे. आणि दादा. मला एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "मी पूजेत होते. मी काही पाहिलं नाही."

दादाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "हो साहेब. माह्याच हातून झालं. घाई झाली जराशी."

ज्या माणसाने जन्मात रंगाच्या कामात घाई केली नाही, त्याने हे म्हटलं. आणि सगळ्यांनी लगेच मानलं.

तीन दिवस गाडी त्याच्या शेडमध्ये होती. उरलेली पन्नी त्याने शेकून, इंच इंच काढली आणि पूर्ण बॉनेट पुन्हा रंगवलं. साहेब निघाले त्या दिवशी गाडी अशी काही चकाकत होती की निरोपाला जमलेले लोक तिच्याभोवती उभे राहिले. पण गोष्ट पसरायची ती पसरली होती. सगळ्यांच्या देखत मेहुण्यानेच कबूल केलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? "आदमी अच्छा है, पर हाथ अब ढीला हो गया," असं एकाने दुसऱ्याला सांगितलं. सेक्टरमधल्या गाड्या हळूहळू सुपेल्याच्या गॅरेजांकडे जायला लागल्या. हुडकोतून तर दादाकडे पुन्हा एकही गाडी गेली नाही.

मी यांना त्याच दिवशी विचारलं होतं. "दादा काल आलाच नव्हता. तुम्ही असं कसं बोलले?" हे म्हणाले, "मग काय साहेबांच्या तोंडावर सांगू, तुम्ही आणलेली वस्तू मी फाडली? आणि तूही तर नाहीच म्हटलं ना. जाऊ दे. तो आपलाच माणूस आहे, तो समजून घेईल." तूही तर... पुढे या विषयावर मी तोंड उघडलं की हे तेवढंच म्हणायचे, आणि माझं तोंड बंद व्हायचं. लोकांना वाटेल, हा माणूस दुष्ट असेल. नाही. यांनी कधी दारूला हात लावला नाही, माझ्यावर कधी हात उगारला नाही, माझ्या आजारपणात माझी सेवा केली. हे चांगले गृहस्थ आहेत. एका चांगल्या गृहस्थाने आणि त्याच्या चांगल्या बायकोने मिळून हे केलं.

दोन वर्षांत शेड बंद झालं. दादाने कॉम्प्रेसर विकून टाकला आणि दुर्गात ब्रशचं काम धरलं. भाऊबीजेला मी बोरसीला जायची. तो पाटावर बसायचा, मी ओवाळायची, तो ताटात साडी ठेवायचा. आमच्या घरी मात्र तो पुन्हा कधी आला नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यालाही वहिनीच आल्या, "त्यायले खोकला हाये" म्हणाल्या. खोकला खराच होता, थिनरने छाती पोखरलेली. एका भाऊबीजेला मी धीर करून म्हटलं, "दादा, त्या दिवशी..." त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. "तुह्या घरी सर्व बरं हाये न? मंग झालं." मला वाटलं, तो मला टाळतो आहे. मला वाटलं, त्याने मला माफ केलेलं नाही. आणि खरं सांगते, मला त्याचा रागही यायचा. भांडत का नाही, एकदा शिव्या घालून मोकळा का होत नाही... आपण ज्याचं वाईट केलं, त्याच्यावरच चिडण्याची सोय माणूस किती सहज करून घेतो.

तेरवीला साठवणे साहेब आले होते. निवृत्त होऊन ते रायपूरला राहतात, एवढ्या लांबून आले. यांच्याशेजारी बसून म्हणाले, "फार मोठा कारागीर होता. बस, त्या बॉनेटचं तेवढं... पण चूक कोणाकडून होत नाही?" हे म्हणाले, "हो ना." आणि पानावरचा लाडू मोडला. दादा तेरा दिवसांपूर्वी गेलेला, त्याच्याच घरी, त्याच्याच फोटोसमोर, यांच्या तोंडून एवढंच निघालं. हो ना.

सगळे गेल्यावर वहिनी आणि मी मागच्या दारी भांडी घासायला बसलो. मग वहिनी खाली मान घालूनच म्हणाल्या, "बाई, एक बोलू का? राग नका मानू." मी म्हटलं, बोला. "त्या दिवशी तुमच्या घरून आले न, त सायकल टेकवून इथंच बसले. मी म्हटलं, जेवाले चला. त म्हणे, सुमनच्या पदराले पन्नीचा तुकडा चिकटून होता."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"मी म्हटलं, म्हणजे बाईनं पाह्यलं होतं? मंग तुमी बोलले कावून नाही? त म्हणे, मी बोललो असतो त ती सर्वायसमोर खोटी पडली असती. तिले त्याच घरात राहाचं हाये. मले काय, मी दुसरीकडे रंगवीन."

तो तुकडा मला आठवतो. संध्याकाळी साडी बदलताना पदराला काहीतरी टोचलं म्हणून पाहिलं. नखाएवढा, एका बाजूने पारदर्शक, दुसऱ्या बाजूने निळा. कचरा गोळा करताना लागला असेल म्हणून मी काढून फेकला. म्हणजे सकाळी मी साहेबांना "पाहिलं नाही" म्हणत होते तेव्हा तो माझ्या अंगावर होता, आणि डोळे फसतात असं जो स्वतःच म्हणायचा, त्या एकट्यालाच तो दिसला होता. इतकी वर्षं तो माझं खोटं जपत होता, आणि मी भाऊबीजेला त्याच्यापुढे निरागस चेहऱ्याने निरांजन फिरवत होते.

दादाच्या खोलीत आता वहिनी एकट्याच झोपतात. खुंटीला त्याचा रंगाचे डाग पडलेला शर्ट आहे, तो वहिनी धुवत नाहीत. मी गेले की त्या खोलीत थोडा वेळ बसते. थिनरचा वास अजून येतो. माफी मागायची म्हटलं तर शर्टाची कशी मागणार?

म्हणून हे लिहिलं. लिहिलेलं यांना दाखवलेलं नाही, विचारलेलंही नाही. रविवारी हे पेपरातली पुरवणी सगळ्यात आधी घेतात, शेवटच्या पानापासून वाचत पुढे येतात, आणि भिलाईत आमच्या ओळखीच्या घरोघरी हीच पुरवणी येते. लेखाखाली माझं नाव पूर्ण छापावं असं मी संपादकांना मुद्दाम कळवलं आहे. आमच्यात बाईच्या पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतंच.